ओटा नंतर, आधी स्लॅब

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला आत्याचं घर आहे, १९६०च्या आसपासचं. ओटी, माजघर जांभ्या चिऱ्याचं नि कौलारू; मागच्या स्वयंपाकघरावर मात्र त्या काळच्या हौसेने टाकलेला स्लॅब. तेच स्वयंपाकघर यंदा मे महिन्यात नवं करायला काढलं. गवंड्याने आधी हातोडीच्या दांड्याने वरचा स्लॅब वाजवून पाहिला. ठक्, ठक्, आणि एकदम पोकळ आवाज. तिथला गिलावा हातानेच सुटला. आतली सळई पेन्सिलीएवढी उरलेली, पापुद्रे धरलेली.

हा मिठाचा उद्योग. काँक्रीट सळईला गंजापासून जपतं. पण खाऱ्या वाऱ्यातलं किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतलं क्लोराईड सळईपर्यंत पोचलं की ते कवच मोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. आजचं भारतीय मानक (आयएस ४५६) किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगतं. आत्याच्या स्लॅबात ते काही जागी बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. वर पुट्टी फासून रंग दिला असता तर दोन पावसाळ्यांत तुकडा पातेल्यात पडला असता. म्हणून सैल भाग काढून सळई घासली, लागेल तिथे नवी जोडली, गंजरोधक लेप दिला, मग मॉर्टर भरला.

भिंतीचं गणित वेगळं. जांभा ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, रंगाला फोड येतात. तिथे चुन्याचा गिलावा बरा.

कपाटांच्या दुकानात एमडीएफची मोड्युलर चित्रं दाखवतात. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या गावात एमडीएफ म्हणजे भिजलेला पाव. कडप्प्याच्या फळ्या उघड्या राहू द्याव्यात, वारा लागतो. बिजागऱ्या-स्क्रू घ्यायचेच तर ३१६ दर्जाचे. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत ३०४पेक्षा जास्त टिकतात.

मागच्या पडवीतली चूल मात्र आत्याने काढू दिली नाही. गॅस आल्यापासून धूर गेला आणि वाशांत भुंगे शिरले, हे तिचं निरीक्षण खोटं नाही. धुराने लाकूड कोरडं राहायचं.

मे महिन्यात काम काढणं ही चूक आमचीच. दिवाळीनंतर सुरू करा, मिरगाची घाई राहणार नाही. पैसे उरले तर कपाटांचं बघू म्हणालो होतो. उरले नाहीत, मसाल्याचे डबे अजून जुन्या फडताळातच आहेत.