पाठदुखी आणि कडक गादीचा हट्ट

कंबर धरली, की आपल्या घरांत पहिली गदा येते ती गादीवर. ‘मऊ गादीनेच घात केला,’ असं कुणीतरी ठामपणे सांगतं आणि त्याच रात्री दुखणाइताचं अंथरूण पलंगावरून उतरून जमिनीवर, सतरंजीवर येतं. काही घरांत पलंगावर नुसतं प्लायवूड टाकून त्यावर एखादी गोधडी अंथरली जाते. हा सल्ला फक्त आजी-आजोबांचाच होता असं नाही. एकेकाळी डॉक्टरही सर्रास हेच सांगत. त्यामुळे गादी जितकी कडक, तितकी पाठीला चांगली, हे समीकरण मनात घट्ट बसलं आहे. गादीवाल्यांनीही ते ओळखलं आहे. दुकानात ‘ऑर्थोपेडिक’ म्हणून जी गादी पुढे केली जाते, ती बहुतेक वेळा तिथली सगळ्यात कडक गादी असते. हे समीकरण आता मोडीत काढायला हवं, कारण त्यापायी आधीच दुखण्याने गांजलेली माणसं रात्रीही नीट झोपू शकत नाहीत.

या समजुतीची कसून परीक्षा झाली ती स्पेनमध्ये. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला कडक गाद्या दिल्या, दुसऱ्याला मध्यम कडक. आपल्या वाट्याला कोणती गादी आली आहे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. नव्वद दिवसांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांना थोडाबहुत आराम पडला होता. पण अंथरुणावर असतानाचं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या कामांतली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवाले सरस ठरले. २००३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाद्यांचा कडकपणा मोजायला एक ते दहाची युरोपीय पट्टी वापरली होती. एक म्हणजे सगळ्यात कडक, दहा म्हणजे सगळ्यात मऊ. कडक गादी २.३वर होती आणि मध्यम कडक ५.६वर. म्हणजे ज्या गादीने फायदा झाला, ती लुसलुशीत मऊ नव्हती, जवळजवळ मधोमध होती. पुढे २००८मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारी फोमची गादी आणि कडक गादी अशी तुलना झाली. फरक फार मोठे नव्हते, पण तिथेही कडक गादीच मागे पडली.

असं का होतं, ते कण्याच्या ठेवणीतून कळतं. मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच. मान आणि कंबर आतल्या बाजूला वळलेली, पाठ बाहेरच्या. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा हे शरीराचे सगळ्यात रुंद भाग खाली येतात. फळीवर ते जरासुद्धा रुतत नाहीत; सगळा भार त्या दोन जागांवर पडतो आणि मधली कंबर अधांतरी राहते. म्हणूनच मग रात्रभर कूस बदलणं, खांदा बधिर होणं. उलट फार मऊ गादीत खुबा खोल जातो आणि कणा झोळीसारखा लोंबतो. चांगली गादी खांद्याला आणि खुब्याला थोडं आत जाऊ देते आणि कमरेला खालून टेकू देते.

त्यामुळे ‘पाठदुखीसाठी सर्वांत चांगली गादी कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पन्नास किलोच्या सडपातळ बाईला जी गादी दगडासारखी वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाखाली मधोमध दबते. वजनदार माणसाला थोडी जास्त कडक आणि जाड गादी लागते. कुशीवर झोपणाऱ्याला वरचा थर मऊ हवा, उताण्या झोपणाऱ्याला जरा घट्ट. नवरा-बायकोच्या वजनात मोठा फरक असेल, तर एकाच मोठ्या गादीचा आग्रह धरू नका. दोन सिंगल गाद्या शेजारी शेजारी टाकल्या तर दोघंही सुखाने झोपतात.

दुकानात गादीच्या काठावर बसून, तळहाताने दाबून बघितल्याने काहीही कळत नाही. चपला काढा आणि घरी झोपता तसे झोपा. निदान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान गाठा. उताणं पडून कमरेखालच्या पोकळीत हात सरकवा. तो सहज आरपार जात असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. आत शिरायलाच तयार नसेल आणि खुबा खोल गेला असेल तर मऊ आहे. मग कुशीवर वळा आणि सोबतच्या माणसाला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेच्या मुळापासून माकडहाडापर्यंतची रेषा साधारण सरळ दिसली पाहिजे. नुसत्या नजरेने जे लक्षात येत नाही, ते फोटोत लगेच दिसतं.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाला भुलू नका. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून दिलेलं ते प्रमाणपत्र नव्हे. गादीची चेन उघडायला लावा किंवा कापलेला नमुना मागा. अशा अनेक गाद्यांत रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे रंगीबेरंगी फोमचा चुरा चिकटवून, दाबून केलेला ठोकळा. तो टिकतो, स्वस्तही पडतो. पण त्यावर निदान इंच-दोन इंच मऊ फोमचा किंवा लॅटेक्सचा थर नसेल, तर जमिनीवर झोपण्यात आणि त्यावर झोपण्यात फारसा फरक उरत नाही. काथ्याच्या गादीचंही तेच, शिवाय ती वापराने मधे बसते. डेन्सिटीचा आकडा दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगतो. चाळीस डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन चाळीस किलो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. ती कडक आहे की मऊ, हे त्यातून कळत नाही.

मेमरी फोमचा शोध १९६६चा, अमेरिकेत ‘नासा’साठी विमानातल्या आसनांवर काम चालू असताना लागलेला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. खांदेदुखी असलेल्याला तो मानवतो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात तो तापतो, आणि सारखी कूस बदलणाऱ्याला त्यात अडकल्यासारखं होतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मला लॅटेक्स किंवा पॉकेट स्प्रिंग अधिक बरं वाटतं. आणि आपली कापसाची गादी? नीट पिंजून, दाटून भरलेली असेल तर ती मुळीच वाईट नाही. पिंजारी दारावर यायचे तेव्हा गादी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरली जाई. आता वर्षानुवर्षं ती तशीच वापरली जाते, कापसाचे गोळे होतात, मधे खड्डा पडतो आणि दोष मात्र कापसाला लागतो.

नव्या गादीवर हजारो रुपये घालण्याआधी पलंग तपासा. बॉक्स पलंगाचं प्लायवूड मधे वाकलेलं असतं आणि गादी नाहक बदनाम होते. तीच गादी दोन-तीन रात्री जमिनीवर टाकून झोपून पाहा. फरक पडला, तर सुताराला बोलवा. गादी फार कडक असेल, तर वर दोन इंचांचा मऊ थर टाकूनही काम भागतं. वडीलधाऱ्यांसाठी उंचीही मोजा. अठरा इंचांच्या पलंगावर आठ इंची गादी टाकली, की काठावर बसलेल्या आजींचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. रात्री लघवीला उठताना त्या पडू शकतात. आणि गुडघे-कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर झोपवणं म्हणजे त्याला रोज सकाळी उठण्याची शिक्षा देणं. कृपा करून ते करू नका.

मानेचं दुखणं असेल तर गादीइतकीच उशी महत्त्वाची, किंबहुना जास्तच. ‘सर्व्हायकल आहे, उशी घेऊ नका’ हा सल्लाही सरसकट चुकीचा आहे. कुशीवर झोपणाऱ्याची उशी काढून घेतली, तर डोकं रात्रभर खांद्याकडे कलतं. खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरून निघेल एवढी उशी त्याला हवीच. उताण्या झोपणाऱ्याला मात्र पातळ पुरते. आपल्या उशीची उंची ठरवायला एक टॉवेल घ्या. पातळ उशीखाली त्याची एकेक घडी वाढवत जा आणि नाक छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत आलं की थांबा. गादी बदलली की हे पुन्हा करावं लागतं, कारण मऊ गादीत खांदा जास्त रुततो आणि उशी कमी लागते. पोटावर झोपण्याची सवय मात्र सोडाच. त्यात मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते. कमरेसाठी कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये, उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या.

सकाळची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रात्री आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. अशा फुगलेल्या चकत्यांवर वाकताना अधिक ताण येतो. उठल्या उठल्या खाली वाकून बादली उचलणं, केर काढणं टाळा. तासा-दोन तासांनी तीच कामं पाठीला सोपी जातात. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या आधाराने बसा.

काही दुखणी मात्र कुठल्याही गादीने बरी होत नाहीत. चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, सकाळी अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडलेली राहत असेल आणि विश्रांतीपेक्षा हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. त्याला औषधं आहेत आणि ती वेळेवर सुरू व्हावी लागतात, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्रीचं दुखणं कुठल्याच कुशीवर थांबत नसेल, तरी डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि पायातली ताकद जाऊ लागली, जांघांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.