पदर, घंटी आणि पॉज

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात पहिली दहा मिनिटं कोणी ऐकत नाही. वाण वाटणं सुरू असतं, स्टीलचे डबे एकमेकांवर आपटतात, मागच्या रांगेत तिळगुळासोबत लेकीसुनांच्या बातम्या फिरतात आणि माईक घरघरतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या महिला मंडळांची बोलावणी येतात. माझा एकपात्री प्रयोग त्या गोंगाटातच सुरू होतो. विषय आहे आपल्याला हसवणाऱ्या सुरुवातीच्या बायका. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. एक खुर्ची, सायकलची घंटी, फुलांची परडी आणि अंगावरची साडी, एवढंच सामान.

सुरुवातीला मी बोलत नाही. घंटी वाजवते आणि गप्प उभी राहते. या कामात सगळ्यात अवघड काही असेल तर हे गप्प राहणं. माना वळेपर्यंत थांबायचं, पण ‘बाई विसरल्या वाट्टे’ अशी कुजबुज सुरू होण्याआधी दुसरी घंटी वाजली पाहिजे. ती वाजते आणि शुभा खोटे येतात.

पोहण्याच्या आणि सायकलच्या स्पर्धा जिंकणारी ही मराठी मुलगी १९५५ च्या ‘सीमा’मधून पडद्यावर आली आणि तिथंही तिनं सायकल दामटली. पुढं मेहमूदबरोबर तिची जोडी जमली. समोरून आलेला विनोद झेलून तेवढ्याच वेगानं परत फेकायचा, हे तिचं काम. खुर्चीवर बसून सायकल चालवताना मी कंबरेच्या वरचं अंग अजिबात हलवत नाही. चेहरा बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा गंभीर ठेवते. पळतात ते फक्त गुडघे. हात हलवले, तोंड वाकडं केलं, की प्रेक्षकांना ‘आता हसा’ असं सांगितल्यासारखं होतं, आणि सांगितलं की कोणी हसत नाही.

दुसरी टुनटुन. “पोटाला उशी बांधा ना, लगेच हसतील,” असा सल्ला मला बऱ्याच जणींनी दिला. हसतील हे खरंच. पण तो हशा उशीचा, तिचा नाही. म्हणून मी उमादेवी खत्रीपासून सुरू करते. १९४७ च्या ‘दर्द’मध्ये नौशादच्या चालींवर गायलेली, ऐन उमेदीतली गायिका. ताठ बसते, एक आलाप घेते, सभागृह गंभीर होतं. मग १९५० चा ‘बाबुल’ येतो, गायिका विनोदी नटी होते आणि तिचं नावही बदलतं. आलापातला तोच श्वास मी मध्येच तोडते आणि त्याच दमात एक साधं घरगुती वाक्य टाकते. गाणाऱ्या बाईला सम कुठं येते ते अंगानंच कळतं. विनोदाचं वाक्यही समेवर पडावं लागतं. अर्धी मात्रा आधी पडलं तर कोणी हसत नाही, उशिरा पडलं तर लोक आधीच पुढं निघून गेलेले असतात. टुनटुनचं हे गणित पक्कं होतं, आणि तिच्या आकारमानावर हसणाऱ्यांना ते दिसलं नाही, असं मला वाटतं.

मग तमाशा. गवळणीतली मावशी म्हणजे पुरुष, सोंगाड्याही पुरुष. बायकांनी नाचायचं, गायचं, लाजायचं. हशा घ्यायचा तो मावशीनं. नाटकातही हेच होतं; १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी पुरुषांऐवजी स्वतः स्त्रीभूमिका केल्या, त्यालाही जमाना झाला. तरी पुढं कितीतरी वर्षांनी ‘मोरूची मावशी’त नऊवारी नेसून नाट्यगृह डोक्यावर घेतलं ते विजय चव्हाणांनी. कमालीचा नट, यात वाद नाही. इथं मला बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषाची भूमिका करायची असते. त्यासाठी पदर कामाला येतो. कोपर बाहेर काढून, खांद्यापासून झटका देऊन, डोळे मिचकावत मी पदर सारखा करते. बायका हसतात. मग तोच पदर बाई घेते तसा घेते. एका हातात भाजीची पिशवी, नजर रस्त्यावर, तोंडानं पोराला रागावणं चालू, आणि पदर कधी खांद्यावर आला ते तिलाही कळत नाही. आता हशा दुप्पट येतो. पहिला नकलेला होता, दुसरा ओळखीला.

भक्ती बर्वेंसाठी परडी. पु. लं.च्या ‘ती फुलराणी’ या नाटकातली, शुद्ध बोलायला शिकवली जाणारी फुलवाली मंजुळा १९७५ मध्ये त्यांनी उभी केली. पुढं ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम त्या एकटीनं करत. म्हणजे माझ्या या वाटेवर त्या आधीच चालून गेल्या. त्यांचं प्रसिद्ध स्वगत मी म्हणत नाही. दुसऱ्याचा मजकूर प्रयोगात घ्यायचा तर परवानगी हवी, शिवाय ते स्वगत लोकांच्या कानात त्यांच्याच आवाजात आहे. मी फक्त बसून दाखवते. आधी परडी मांडीत दाबून, पाय फाकवून. मग शिकवणी झाल्यावर, परडी नको तिथं आल्यासारखी दोन बोटांनी धरून. शब्द एकही नाही. नाटकातल्या शिकवणीनं त्या पोरीकडून काय काढून घेतलं, ते त्या दोन बोटांत येतं.

लक्ष्मीबाई टिळकांना मात्र सामान लागत नाही. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती ही बाई ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात एकाच सुरात सांगते. म्हणून त्यांचा भाग मी खुर्चीत, निवडायची मेथी समोर असल्यासारखी बसून, आवाज न चढवता सांगते. प्रयोगातला सर्वांत हळू भाग हाच, आणि तोपर्यंत स्टीलचे डबे आपोआप गप्प झालेले असतात.

शेवटी अमेरिकेत एक चक्कर. पाच मुलांची आई असलेली फिलिस डिलर १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात विनोद सांगायला उभी राहिली. फँग नावाचा एक काल्पनिक नवरा तिनं तयार केला आणि वर्षानुवर्षं त्याची बिनपाण्यानं केली. हातात लांब सिगारेट होल्डर असायचा, पण ती सिगारेट ओढत नसे. तो नुसता वाक्यावाक्यांमधला पॉज धरायला. हे मी आमच्या वऱ्हाडीत सांगते आणि मग माईक प्रेक्षकांत देते. कोणी भुलाबाईचं गाणं म्हणतं, कोणी सासूची नक्कल करतं. हे संहितेत नव्हतं, आता आहे. कारण पॉज कुठं घ्यायचा, हे त्यांच्यातल्या काहींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

हिंगणघाटच्या एका मंगल कार्यालयात अशाच एका आजींनी माईक हातात घेतला. सगळीकडे एकवार पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काय व बाई, त्या अमेरिकेवालीले नवरा मनानं बनवा लागला? आमाले तं आयताच भेटला!”