तीन मिनिटांचे गणित

जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. शहरात वीस लाखांहून अधिक माणसे होती. पिठापासून कोळशापर्यंत सारे विमानानेच पोचवण्याचे अमेरिका आणि ब्रिटनने ठरवले. रोजची किमान गरज सुमारे ४,५०० टन होती. 'सी-५४' हे मुख्य मालवाहू विमान एका खेपेत साधारण दहा टन नेत असे.

सुरुवातीला वैमानिक हिरिरीने उडत होते, पण वेळापत्रक विस्कळीत होते. १३ ऑगस्टला ढग खाली आले, मुसळधार पाऊस सुरू झाला. टेम्पलहोफ विमानतळावर एक विमान धावपट्टीबाहेर जाऊन पेटले, तर मागून आलेल्या दुसऱ्याचे टायर फुटले. त्यांच्या मागची विमाने एकावर एक थर करून शहरावर घिरट्या घालू लागली. मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर यांचे विमानही त्या गर्दीत अडकले होते. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवण्याचे काम त्यांनी दुसऱ्या महायुद्धात सांभाळले होते. त्यांनी आकाशातली सगळी विमाने मालासकट परत पाठवली.

त्यानंतर नियम बदलले. पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, तर दुसरी फेरी मारायची नाही. सरळ तळावर परतायचे. दहा टन माल परत नेणे वरवर उधळपट्टी वाटते. पण एक विमान थांबले की मागच्या प्रत्येकाला थांबावे लागते. रांग आधीच पूर्ण क्षमतेने सरकत असेल, तर वाया गेलेली मिनिटे भरून काढायला मोकळी जागाच नसते आणि उशीर साचत जातो. त्यापेक्षा एक खेप बुडालेली परवडते.

उत्तर आणि दक्षिणेकडच्या हवाई मार्गांनी यायचे आणि मधल्या मार्गाने परतायचे, असे ठरले. हवा स्वच्छ असो वा खराब, उड्डाण उपकरणांच्या आधारेच करायचे होते. विमानांत तीन मिनिटांचे अंतर ठेवले, तर दिवसाच्या १,४४० मिनिटांत ४८० विमाने उतरू शकतात. माल उतरेपर्यंत वैमानिकांनी विमानाजवळून हलू नये, म्हणून हवामानाची माहिती आणि खाणे जीपमधून त्यांच्यापर्यंत नेले जाई.

याच काळात अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग विमाने, माणसे आणि सामग्री यांची सांगड घालण्याची पद्धत विकसित करत होते. मार्शल वुड यांच्यासह लिहिलेल्या १९४९ च्या शोधनिबंधात त्यांनी बर्लिनचेच उदाहरण घेतले. लष्करात अशा नियोजनाला 'प्रोग्रॅम' म्हणत. त्यावरून या शाखेला 'लिनियर प्रोग्रॅमिंग' हे नाव मिळाले. विमान कंपन्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आखताना आजही तिचा आधार घेतात.

एप्रिल १९४९ मध्ये ईस्टरच्या सुमारास २४ तासांत जवळपास १३ हजार टन माल पोचला. १२ मे रोजी नाकेबंदी उठली. मोहीम सप्टेंबरअखेर थांबली, तेव्हा सुमारे २३ लाख टन माल पोचला होता. या काळात अपघातांत वैमानिक आणि कामगार मिळून सुमारे शंभर जणांनी प्राण गमावले.