वाळवीचा बंदोबस्त आणि त्याचा हिशेब



घराला आग लागली तर सारे गाव धावून येते. वाळवी लागली तर घरातल्या माणसालाही पत्ता लागत नाही. चौकट बाहेरून शाबूत दिसते, रंगही जागच्या जागी असतो. आणि एक दिवस बिजागरीचा खिळा हातात येतो. बोट टेकवावे, तो लाकूड पापडासारखे आत जाते. मग धावपळ सुरू होते, औषध मारणाऱ्या माणसाला बोलावणे जाते, आणि तो जो आकडा सांगेल तो मुकाट्याने द्यावा लागतो. हा आकडा कशावरून ठरतो, तो योग्य की अवाच्या सवा, आणि तो कमी कसा करता येईल, याचा विचार आज करावयाचा आहे. गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गावात नवे घरकुल बांधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आपण हिशेब मांडू.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. वाळवी म्हणा, उधई म्हणा, की आपले हिंदी बोलणारे शेजारी म्हणतात तसे दीमक म्हणा, प्राणी तोच. लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे. शास्त्रज्ञांच्या मते तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. तिच्या वसाहतीत एक राणी, एक राजा, थोडे शिपाई आणि असंख्य कामकरी असतात. लाकूड खाण्याचे काम या कामकऱ्यांचे. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती जी पाखरे जमतात आणि पंख टाकून जातात, त्यांत पुष्कळशी वाळवीचीच असतात. नवा संसार थाटण्यासाठी ती बाहेर पडलेली असतात.

आता तिचा एक कमकुवतपणा ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा बंदोबस्त त्यावरच उभा आहे. वाळवीचे अंग फार मऊ असते. उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून तिला जमिनीतली ओल सोडून राहता येत नाही. भिंतीवर चढायचे झाले तरी ती मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून ये-जा करते. म्हणजे आपल्याकडच्या घरातली वाळवी बहुधा जमिनीतून येते. जमीन आणि लाकूड यांच्यामधली वाट अडवली, की काम फत्ते.

आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. बांधीत पाणी, बोडीत पाणी, पावसाळाभर जमीन ओली. वर अंगणात तणसाचा ढीग, भिंतीला टेकवलेल्या काटक्या, बांबू, जुनी कवेलू काढल्यावर उरलेल्या फाट्या. ओल आणि खाद्य ही दोन्ही आपणच तिच्या दारात आणून ठेवतो.

काही जण म्हणतात, "आमचे घर सिमेंटचे आहे, आम्हाला काय भीती?" हा समज खोटा आहे. वाळवी सिमेंट खात नाही हे खरे, पण मिलिमीटरभर फट तिला पुरते. कोबा आणि भिंत जिथे मिळतात तिथे कालांतराने अशी फट पडतेच. तिथून ती वर येते आणि चौकट, कपाट, शाळेतले हजेरीपट, जमिनीची कागदपत्रे, यांपैकी जे सापडेल ते खाते.

आता औषधाकडे वळू. इमारतीतील वाळवीबाबत आपल्या देशात आय.एस. ६३१३ या क्रमांकाचे भारतीय मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात बांधणीत घ्यावयाची काळजी, दुसऱ्यात बांधकामाच्या वेळी करावयाची औषधयोजना, आणि तिसऱ्यात उभ्या असलेल्या घरावरील उपाय सांगितले आहेत. बांधकामाच्या वेळचे प्रमाण सोपे आहे. जोत्यातल्या भरावावर, कोबा घालण्यापूर्वी, दर चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण. आणि पायाच्या भिंतीला लागून असलेल्या मातीत, भिंतीच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी तुम्हाला कोणी सहज फसवणार नाही.

उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरवलेले आहे. हे घर ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे असे धरा. जोत्याच्या भरावाला २५ गुणिले ५, म्हणजे १२५ लिटर मिश्रण लागेल. भिंतींची एकूण लांबी २० मीटर. दीड फूट, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत आतली एक बाजू धरली तर ९ चौरस मीटर होतात. त्यांना साडेसातने गुणले की साडेसदुसष्ट लिटर. बाहेरच्या बाजूलाही तेवढेच. सगळे मिळून २६० लिटर झाले. पाया अधिक खोल असेल तर त्या मानाने आकडा वाढेल.

शेतकऱ्याला हा आकडा पंपाच्या भाषेत लवकर समजेल. पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो. २६० लिटरला तो सोळा-सतरा वेळा भरावा लागेल. तेव्हा कोणी आला, दोन पंप मारले आणि अर्ध्या तासात "झाले" म्हणाला, तर काय झाले आणि काय नाही, हे तुम्हीच ओळखा.

आता पाण्यात औषध किती? बाजारात मुख्यतः तीन औषधे भेटतात. क्लोरोपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. म्हणजे २६० लिटर मिश्रणाला १३ लिटर औषध. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर दर लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर, म्हणजे त्याच घराला सुमारे ५५० मिलिलिटर पुरते. तिसरे बायफेन्थ्रिन. पहा, एकाचे १३ लिटर आणि दुसऱ्याचे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. म्हणून नुसत्या बाटलीच्या लिटरमागच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरवू नये. आपल्या घराला किती बाटल्या लागतील ते विचारावे आणि मग तुलना करावी.

या औषधांच्या गुणातही फरक आहे. बायफेन्थ्रिनचा वास लागताच वाळवी मागे फिरते. इमिडाक्लोप्रिड तिला ओळखता येत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेले औषध आपल्या सोबतिणींपर्यंत नेते. धानावर तुडतुड्यांसाठी मारतात ते १७.८ टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड निराळे. शेतात उरलेली बाटली घराच्या पायात ओतण्याचा मोह टाळा. वाळवीसाठी मंजूर असल्याचे ज्या बाटलीवर छापलेले आहे, तीच वापरावी.

पूर्वी या कामाला ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधे वापरीत. ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकत आणि अन्नपाण्यात उतरत, म्हणून १९९६ साली आपल्या देशात त्यांच्यावर बंदी आली. २०२५ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत क्लोरोपायरीफॉसचेही नाव बंद करावयाच्या रसायनांच्या यादीत घालण्यात आले. काही उपयोगांना मात्र सवलत ठेवली आहे. तेव्हा "पूर्वीचे जालीम औषध आहे, गुपचूप आणून देतो" असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

हे झाले घर बांधतानाचे. तेच घर पूर्ण झाल्यावर वाळवी निघाली तर काय करावे लागते? भिंत आणि फरशी मिळतात तिथे, दर फुटाला एक, असे १२ मिलिमीटरचे छिद्र पाडायचे. प्रत्येक छिद्रात दाबाने औषध सोडायचे, एका छिद्रात जास्तीत जास्त १ लिटर. मग सिमेंटने ती छिद्रे बुजवायची. आपल्या ५ बाय ५ मीटरच्या घरात मध्ये एक भिंत असेल, तर चार भिंतींची आतली बाजू २० मीटर आणि मधल्या भिंतीच्या दोन बाजू १० मीटर, असे ३० मीटर होतात. म्हणजे जवळजवळ १०० छिद्रे! शिवाय बाहेरून भिंतीलगत चर खणून औषध द्यायचे ते वेगळेच. फरशी तडकण्याची भीती, सामान हलवण्याचा त्रास, यंत्र, वीज आणि मजुरी, हे सारे वाढले. आणि इतके करूनही कोब्याखालच्या साऱ्या भरावाला औषध पोचत नाही ते नाहीच. कोबा घालण्याआधी जे काम झारीने होते, त्याला कोबा घातल्यावर छिद्रे पाडावी लागतात. खर्चातला मोठा फरक इथे पडतो.

व्यावसायिक माणूस बहुधा चौरस फुटाचा दर सांगतो. समजा, त्याने १० रुपये सांगितले. हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. तुमच्याकडचा दर तुम्ही विचारून घ्या. २७० चौरस फुटांचे २,७०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला तर ४८६ रुपये; एकूण ३,१८६. आता घरकुलाचे अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार असे या योजनेत ठेवलेले आहे. १ लाख २० हजारांशी ताडून पाहिले तर हा खर्च शंभराला पावणेतीन रुपयांहूनही कमी पडतो. आपल्या सुताराला एका दाराचा चौकटीसह भाव विचारा आणि हे दोन आकडे शेजारी मांडा. अनुदान आयुष्यात एकदाच मिळते. चौकट पाच वर्षांत भुसा झाली तर दुसरी चौकट स्वतःच्या खिशातून बसवावी लागते.

दर ठरवताना पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली: परवाना आहे का? कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आणि त्याखालील नियम १९७१ चे. व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्यासाठी शिक्षण व प्रशिक्षणाची अट आहे. परवाना पाहायला मागण्यात संकोच कसला?

दुसरी: औषध कोणते, आणि एकूण मिश्रण किती लिटर? बाटलीचे सील आपल्यासमोर फोडावे, मुदतीची तारीख वाचावी, आणि पिंपात पाणी मोजून मिसळावे.

तिसरी: चौरस फूट कशाचे धरले? जोत्याचे, आतल्या खोल्यांचे, की अंगणासकट?

चौथी: सांगितलेल्या दरात कर आणि येण्याजाण्याचा खर्च धरला आहे का?

पाचवी: हमी किती वर्षांची आणि कशाची? पुष्कळदा हमी फक्त पुन्हा औषध मारून देण्याची असते, खाल्लेल्या दाराच्या किमतीची नसते. हे लेखी घ्यावे.

खर्च कमी करण्याची एक युक्ती आहे. एका घरासाठी माणूस, यंत्र आणि गाडी आली की त्याचा किमान आकार ठरलेला असतो. मुर्री गोंदियाजवळ आहे, पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आतल्या गावात जाण्यायेण्याचे पैसेच अधिक होतात. गावात चार-पाच घरकुलांचे जोते एकाच सुमारास भरत असतील, तर सर्वांनी मिळून एकच दिवस ठरवावा. जाण्यायेण्याचा खर्च वाटला जातो आणि दरही बोलून कमी करता येतो. हा दिवस पावसाच्या आधीचा, उन्हाळ्यातला असावा. पाऊस चालू असता किंवा माती चिंब असता औषध देऊ नये. ते वाहून जाते. विहिरीच्या जवळ तर मुळीच देऊ नये. क्लोरोपायरीफॉस आणि बायफेन्थ्रिन माशांना फार घातक आहेत, म्हणून पंप आणि पिंप बोडीत धुऊ नका. लेकरे आणि गुरे दूर ठेवा.

एकदा दिलेल्या औषधाचा थर मोडू नये, हेही सांगितले पाहिजे. मागाहून नळ टाकण्यासाठी भिंतीलगत खणले, तर तेवढ्या जागी औषध पुन्हा द्यावे. नाहीतर कुंपण करून फाटक उघडे ठेवल्यासारखे होईल.

आणि ज्याला एक पैसाही लागत नाही असा बंदोबस्त आधी करावा. तणस आणि सरपण भिंतीपासून दूर, दगडांवर रचावे. भरावात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, झाडाचे खुंट, मुळे राहू देऊ नयेत. चौकटीचा पाय मातीत पुरू नये. सागाचा आतला गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचे पांढरे लाकूड ती सहज खाते. सुताराकडून ते काढून घ्यावे. गळका नळ दुरुस्त करावा. रॉकेल किंवा जळके तेल ओतल्याने समोर दिसणारी वाळवी मरते, जमिनीतली वसाहत तशीच राहते. नुसती मातीची नळी पुसून टाकली तर ती नव्याने बांधली जाते. पण ती पुसण्याआधी कुठून निघाली ते पाहून ठेवा. औषधवाल्याला ती खूण दाखवली तर त्याचे निम्मे शोधकाम वाचते.

महिन्यातून एकदा घराभोवती फेरी मारा. चौकटीवर चाकूच्या मुठीने ठोका. आवाज पोकळ आला तर सावध व्हा.

गुरुजींना एक विनंती. वरचा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांना गणित म्हणून घाला. शाळेच्या खोलीची लांबी-रुंदी मुलांकडून मोजून घ्या आणि किती लिटर मिश्रण, किती पंप, किती छिद्रे लागतील, ते काढायला सांगा. त्या मुलांपैकी एखाद्याच्या घरचे जोते याच उन्हाळ्यात भरत असेल. गवंडी कोबा घालायला येण्याच्या आदल्या दिवशी ते मूल वहीतला आकडा बापाला वाचून दाखवील, आणि तो दिवस हातचा जाणार नाही.