जुना कॉम्प्युटर, नवा एनव्हीएमई : बायोसला हात लावण्याआधी हे वाचा



दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर दहा-बारा वर्षांचा. थर्ड जनरेशनचा आय-फाइव्ह, एच-६१ चा मदरबोर्ड. काम चालतंय, पण सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी विंडोज फिरतच असतं. म्हणून तुम्ही एनव्हीएमई ड्राइव्ह आणि अ‍ॅडॉप्टर आणलं, पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवलं. विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसतो, फाइली कॉपी होतात. पण त्यावरून विंडोज काही सुरू होत नाही.

ड्राइव्ह खराब नाही. विंडोज १० कडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर असतो, पण विंडोज सुरू होण्याआधी ड्राइव्ह वाचायचं काम बायोसचं. २०१२ च्या सुमाराच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये तो ड्रायव्हरच नसतो. बायोस मॉड म्हणजे नेमकं हेच : कंपनीच्या बायोस फाइलमध्ये यूईएफआय टूल वापरून एनव्हीएमईचा छोटा मॉड्यूल घालायचा आणि ती फाइल बोर्डवरच्या चिपमध्ये फ्लॅश करायची.

जमतं का? जमतं. पण धंद्यात 'जमतं का' याच्या आधी 'फसलं तर काय' हे विचारायचं. फ्लॅश करताना लाइट गेली किंवा फाइल चुकली, तर बोर्ड चालूच होणार नाही. त्या दिवशी बिलं हातानं लिहावी लागतील.

म्हणून माझा क्रम असा :

१. आधी कंपनीचा शेवटचा बायोस अपडेट बघा. झेड-९७ च्या काही बोर्डांना एनव्हीएमई बूट त्यातच मिळालं.

२. हार्डडिस्क असेल तर साटा एसएसडी लावा. एच-६१ वर सेकंदाला साधारण २५०-२८० एमबी मिळतात; बिलिंगला ते पुष्कळ झालं. बायोसला हातही लावावा लागत नाही.

३. एनव्हीएमईच हवा असेल तर पेनड्राइव्हवर क्लोव्हर बूटलोडर टाका, त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर ठेवा. बूट पेनड्राइव्हवरून, विंडोज एनव्हीएमईवर. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर होता तसा.

४. मॉड सगळ्यात शेवटी. सीएच-३४१-ए प्रोग्रामर आणि क्लिप हाताशी हवी. आधी स्वतःच्या चिपचा बॅकअप घ्या. बऱ्याच बोर्डांचा सीरियल नंबर, मॅक अ‍ॅड्रेस त्यातच असतो. दुसऱ्याची तयार फाइल टाकू नका. यूपीएस हवाच.

आणि डेटाचा बॅकअप? तो पहिल्या पायरीच्याही आधी, दोन ठिकाणी.

मार्च एंडला किंवा जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या तोंडावर यातलं काहीही करू नका. सुट्टीचा दिवस धरा.

कॉम्प्युटर दुकानासाठी आहे, दुकान कॉम्प्युटरसाठी नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!