मित्रांसोबत बाईकवर लडाखला निघालाय? आधी लेहला कुठून चढायचं ते ठरवा

एप्रिल उजाडला की कुठल्यातरी ग्रुपवर रात्री अकरा वाजता एक रील पडते. पँगाँगचं निळंशार पाणी, रांगेत उभ्या बुलेट आणि खाली मेसेज, "भावांनो, यंदा फिक्स." दहा मिनिटांत आठ जण तयार. जूनपर्यंत त्यातले चार उरतात, हे तर धरूनच चालायचं. पण या चौघांची ट्रिपसुद्धा एका प्रश्नावर अडकते आणि तो प्रश्न ग्रुपवर सहसा कुणी विचारत नाही. लेहला चढायचं कुठून?

लेहला जायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक श्रीनगरहून कारगिलमार्गे, साधारण ४२० किलोमीटरचा. दुसरा मनालीहून सरचू आणि पांगमार्गे. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीचा रस्ता ४६ किलोमीटरने कमी झाला. त्यामुळे बरेच जण डोळे झाकून मनाली निवडतात. घोळ नेमका इथेच होतो.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, १६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळपास त्याच उंचीवर आहे. तिथून निघाल्यावर पहिला मुक्काम कारगिलला पडतो, साधारण २७०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी ४१०८ मीटरचा फोटू ला ओलांडायचा, पण झोपायला लेहला उतरायचं, म्हणजे साधारण ३५०० मीटरवर. शरीराला टप्प्याटप्प्याने सवय होते.

आता मनाली बघा. मनाली साधारण २०५० मीटरवर आणि अनेकांचा पहिला मुक्काम सरचूच्या तंबूंमध्ये, ४३०० मीटरच्या आसपास. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर. डॉक्टर सांगतात की ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. इथे त्या नियमाचा पार चेंदामेंदा होतो.

'वर ऑक्सिजन कमी असतो' असं सगळेच म्हणतात. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि ५३२८ मीटरच्या टांगलांग ला खिंडीत जवळपास निम्मा. म्हणजे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन आत जातो. डोकं ठणकतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. लक्षणं अगदी हँगओव्हरसारखी, त्यामुळे मित्र हसण्यावारी नेतात. फिटनेसचा इथे उपयोग नाही. उलट ग्रुपमधला जिमवाला 'काही होत नाही रे' म्हणत दुखणं लपवतो, तोच जास्त काळजीचा.

बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर मात्र ताबडतोब खाली उतरवावं लागतं. आणि सरचूची खरी अडचण हीच आहे. एका बाजूला ४८९० मीटरचा बारालाचा ला, दुसऱ्या बाजूला ५००० मीटरच्या वरचा लाचुलुंग ला. खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं, तेही रात्री, आजारी माणसाला घेऊन.

म्हणून जाताना श्रीनगर, लेहला पूर्ण दोन दिवस आराम आणि येताना मनाली, हा क्रम शहाणपणाचा. मनालीहूनच जायचं असेल तर पहिली रात्र जिस्पाला काढावी, ते सरचूपेक्षा हजारेक मीटर खाली आहे. डायमॉक्सच्या गोळ्या मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला विचारून घ्याव्यात. आणि कुणाला त्रास झाला तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, हे पुण्यातच ठरवून टाकावं. चार हजार मीटरवर असल्या चर्चा भांडणावर जातात.

पेट्रोलचं गणित त्या मानाने सोपं आहे. मनालीच्या रस्त्यावर टांडीच्या पंपाजवळची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी प्रसिद्ध आहे. १३ लिटरची टाकी आणि ३० चं ॲव्हरेज धरलं तर कागदावर ३९० किलोमीटर होतात, पण सततच्या चढावर ॲव्हरेज पडतं. बाईक कार्ब्युरेटरवाली असेल तर विरळ हवेत ती आणखी जास्त पितेही आणि दमतेही. प्रत्येकाने पाच लिटरचा कॅन बांधावा.

रस्त्यावर आडवे येणारे नाले सकाळी लवकर पार करावेत. दुपारी उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्यापर्यंत येतं. शक्यतो दोघातिघांच्या बाईक एकाच मॉडेलच्या असाव्यात, म्हणजे क्लच वायर, ट्यूब, प्लग असा एकच संच सगळ्यांना पुरतो. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावं आणि सगळ्यात सरावलेला शेवटी. पुढे पळायची हौस असणाऱ्यांना हे पटत नाही, पण मोबाईलला रेंज नसलेल्या रस्त्यावर चुकामूक परवडत नाही.

रेंजवरून आठवलं, बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. निदान दोघांकडे तरी पोस्टपेड हवं. मनाली किंवा दिल्लीत भाड्याने घेतलेल्या बाईकवर पँगाँग, नुब्रा फिरू दिलं जात नाही, स्थानिक बाईकवाल्यांच्या संघटना अडवतात. तिथे लेहचीच भाड्याची बाईक लागते. स्वतःची असेल तर प्रश्न नाही.

पण स्वतःची बाईक तिथवर न्यायची कशी? पुणे ते श्रीनगर दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे फक्त पोचायलाच चार-पाच दिवस. बारा दिवसांची सुट्टी असेल तर बाईक रेल्वे पार्सलने पाठवावी. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लागतात, पोत्यात पॅकिंग स्टेशनबाहेर करून मिळतं. बाईक तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री नसते, त्यामुळे ती चार-पाच दिवस आधी रवाना करावी. आणि जम्मूला उतरल्यावर टाकी कोरडीच असणार, तेव्हा जवळच्या पंपापर्यंत ढकलत न्यायची तयारी ठेवावी.