गंधाराला तेवीस वर्षे वाट

गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा. या शहरात गाणे शिकणारी मुले आज तंबोऱ्याबरोबर लॅपटॉपही उघडतात, आणि तक्रार तिथेच सुरू होते. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झचा. सॉफ्टवेअर सप्तकाचे बारा समान भाग पाडते, म्हणून त्याचा गंधार सुमारे ३०२.४. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-तीन हेलकावे ऐकू येतात. (पेटीवर हाच आक्षेप जुना आहे.)

उपाय अवघड नव्हता. मिडी ही १९८३ ची पद्धत पट्टीचा फक्त क्रमांक कळवते. त्या क्रमांकाला कंपनसंख्या कोणती, हे सॉफ्टवेअरने ठरवायचे. तरी २००१ मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये वेगळी स्वरजुळणी थेट मिळाली ती बाराव्या आवृत्तीत, २०२४ साली. तोवर जोडसाधनांवर भागवावे लागे. नवनवे इफेक्ट आधी, गंधार नंतर, हा क्रम वापरणाऱ्यांना खुपला तर नवल नाही. मींड मात्र नुसत्या जुळणीने सुटत नाही. तिथे दोन स्वरांमधली सगळी वाट लिहावी लागते.